टिपरू पडायच्या आधी

मिलिंद जाधवनं स्वतःच्या बापाला बहिरा ठरवला तो कोरेगावात, भर दिवसा साडेअकराला, पंधरा माणसांच्या देखत. त्याला ना डॉक्टर लागला ना यंत्र. एक निळं पेन लागलं.

ते कसं घडलं हे सांगायचं तर आधी रेडिओचं सांगावं लागेल, आणि रेडिओचं सांगायचं तर पार युरोपापर्यंत जावं लागेल. जाऊ की. तिकडचे लोक काही आपल्या गावची गोष्ट ऐकायला येणार नाहीत, आपणच जायचं असतं.

जगभर रेडिओ डिजिटल होतोय. युरोपानं एक पद्धत धरली, अमेरिकेनं दुसरी. नॉर्वेनं तर देशभर चालणाऱ्या एफएम वाहिन्या कधीच बंद करून टाकल्या. आपल्याकडं मध्यम लहरींवर तिसरीच पद्धत आली, आणि एफएमला कुठली घ्यायची याचं घोंगडं बरीच वर्षं भिजत पडलं. पण पद्धत कुठलीही घ्या, एक गोष्ट कुणाला चुकली नाही. आवाज दाबावा लागतो. एका वाहिनीच्या जागेत चार बसवायच्या तर आवाजातलं काहीतरी कापावं लागतं. काय कापलं म्हणजे माणसाला कळणार नाही, हे ठरवायला माणसंच बसवतात. कानाला हेडफोन लावायचा, एकच तुकडा चार तऱ्हांनी ऐकवायचा आणि म्हणायचं, पाचपैकी गुण द्या.

हे तुकडे तिकडं वर्षानुवर्षं ठरलेले असतात. इंग्रजीत बोलणारी बाई, जर्मन बोलणारा बाप्या, पियानो. आणि कॅस्टनेट म्हणून एक वाद्य. स्पेनमधल्या बायका नाचताना बोटांत धरून वाजवतात त्या लाकडी चिपळ्या. शांततेत एकदम टक् असा कोरडा आवाज. दाबलेल्या रेडिओची खरी परीक्षा त्या टक्-वर होते. का होते ते पुढं येईलच.

मिलिंदच्या पुण्याच्या संस्थेनं ठरवलं की आपल्या माणसांना आपले आवाज ऐकवायचे. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात चाचणी घ्यायची, निकाल दिल्लीला द्यायचे. सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. प्रमुख होत्या राजनंदिनी मॅडम, कडक पण सरळ बाई. हाताखाली मिलिंद, वय अडतीस, आवाजाचा इंजिनियर. आणि आर्जव, सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, तोंडाला फाटका.

पहिल्याच बैठकीत मॅडमनी विचारलं, "कॅस्टनेटच्या जागी आपलं काय घेऊ या? एकदम सुटणारा आवाज हवा."

मिलिंद म्हणाला, "तबला."

आर्जव हसला. "तबल्याचा आवाज घुमतो, दादा. आपल्याला फाटकन सुटणारा पायजे. हलगी घ्या की! मैदानात हलगी सुटली की गाभण म्हस दावं तोडती. माझ्याकडं हाय रेकॉर्डिंग."

"हलगी कोण ऐकणार रेडिओवर?" मिलिंद म्हणाला.

"का? तुमच्या कोरेगावच्या मैदानाला हलगीशिवाय कुस्ती लागती व्हय?"

हलगी यादीत गेली. फायलीवर फक्त 'हलगी दोन' लिहिलं. वाजवणाऱ्याचं नाव कुणी लिहिलं नाही. स्पॅनिश चिपळ्यांवर तरी कुठं असतं?

आता मिलिंदचं दुखणं सांगतो. जात लपवणाऱ्यातला तो नव्हता. त्याच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो होता आणि चौदा एप्रिलला तो कुणाला न विचारता सुट्टी टाकायचा. त्याला लपवायची होती ती हलगी. त्याच्या वस्तीनं छप्पन्न सालानंतर हलगी वाजवायची सोडली होती. दारोदार वाजवायची, मेलेल्यापुढं वाजवायची आणि पसाभर जोंधळ्यासाठी हात पसरायचा, ते सगळं सोडलं आणि बरंच केलं. पण मिलिंदच्या बापानं, यल्लाप्पानं, ती मैदानात वाजवायची धरली. वस्तीतले लोक चिडायचे. "आपण बाहेर पडलो कशासाठी आणि तू वाजवतोस काय?" यल्लाप्पा म्हणायचा, "म्या कुणाच्या दारात वाजवत न्हाई. मैदानात वाजवतो. पैलवान गुडघ्यावर हात मारून आत येतो तो माझ्या तालावर येतो, मी त्याच्या न्हाई."

हे ऐकायला झकास वाटतं. पण मिलिंदनं नऊ वर्षांचा असताना दुसरंच पाहिलं होतं. भरलेलं मैदान. बापाचे दोन्ही हात हलगीवर गुंतलेले. कुणीतरी दहाची नोट लाल मातीत टाकली. बापानं वाजवता वाजवता मागं कमान टाकली, पार डोकं मातीला लागेपर्यंत, आणि ती नोट ओठांनी उचलली. मैदान शिट्ट्यांनी फुटलं. मिलिंदच्या वर्गातली पोरं शेजारी होती. त्यातल्या एकानं दुसऱ्या दिवशी शाळेत मातीत खडू टाकला आणि म्हणाला, "उचल की. ओठानं."

त्या दिवसापासून मिलिंदचा बाप कोयना प्रकल्पावर नोकरीला लागला. म्हणजे मिलिंदच्या तोंडात लागला. कॉलेजात, होस्टेलवर, पुण्यात, बायकोच्या माहेरी, सगळीकडं. "बाबा कोयनानगरला होते, बोगद्याच्या कामावर." यल्लाप्पानं उभ्या जन्मात कोयनानगर दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा मैदानासाठी.

कोरेगावची चाचणी एका वाचनालयाच्या माडीवर होती. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्यांवर सतरंज्या लावलेल्या. ऐकणारे सोळा हवे होते. प्रत्येकाला नाव नाही, नंबर. लिहिता न येणाऱ्यांसाठी स्वप्नाली नावाची कॉलेजची मुलगी ठेवली होती. ऐकणारा जे म्हणेल ते तिनं शब्दाला शब्द लिहायचं. सकाळी मिलिंदनंच तिला नियम शिकवले. "खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि कारण. कागद खोटा नाही हे त्यातूनच कळतं."

"आणि कारण काय लिहायचं, सर?"

"जे खरं असेल ते."

साडेदहाला जिन्यावर ओळखीचा आवाज आला. "कोरेगावात यिऊन घरला न येता जानार व्हतास व्हय रं?" आई. मुक्ताबाई. हातात डबा, डब्यात घेवड्याची आमटी आणि भाकरी. मागून यल्लाप्पा, पांढरं धोतर, टोपी, सत्तर वर्षांचा, काठीसारखा ताठ.

मिलिंदनं त्यांना खालीच बसवायचं ठरवलं होतं. पण मॅडम स्वतः पुढं आल्या, मुक्ताबाईला नमस्कार केला, आमटीचा वास घेऊन म्हणाल्या, "आम्हालाही मिळेल ना?" आणि मग माणसं मोजली. पंधरा होती. सोळावा आलाच नव्हता.

"मिलिंद, तुमचे वडील बसतील का?"

"नको मॅडम, त्यांना हे..."

तोवर यल्लाप्पानं चपला काढल्या होत्या. "बसतो की. ऐकायचंच हाय न्हवं?"

ऐकणारा नंबर सोळा. बातम्या वाचणारी बाई ऐकली, चार-चार गुण दिले. पेटी ऐकली, म्हणाला, "पेटीतली एक पट्टी उतरली हाय, ती रेडिओची चूक न्हवं." स्वप्नालीनं तेही लिहिलं. मग हलगी आली. चार तऱ्हा. अ, ब, क आणि ड. त्यातली क म्हणजे संस्थेला पुढं रेटायची होती ती, कमी जागेत बसणारी. बाकी पंधराजणांनी तिला चार-पाच गुण दिले होते.

यल्लाप्पाचा हात मांडीवर चालायला लागला, हातात टिपरू, म्हणजे हलगी वाजवायचा दांडका, असल्यासारखा. मिलिंद भिंतीला टेकून उभा होता, त्याला तो हात दिसत होता. मग हात थांबला.

"पोरी, ती तिसरी परत लाव."

लावली.

"आनी एकदा."

लावली. यल्लाप्पानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला, स्वप्नालीला हळूच दोन वाक्यं सांगितली, ती तिनं लिहून घेतली, आणि मग मोठ्यानं म्हणाला, "हिला एक गुन दे. टिपरू पडायच्या आदी आवाज सांडतोय."

शेजारच्या खुर्चीवर नाथाजी नावाचे निवृत्त मास्तर बसले होते. त्यांना राहवलं नाही. "आवं पाव्हणं, आदी आवाज आन मागनं टिपरू? मंजी आदी बारसं आन मग लगीन म्हना की!"

खोली हसली. यल्लाप्पाही हसला. "तसंच हाय गुर्जी. वाजवनाऱ्याची चूक न्हाई. त्येचा हात मला ठावा हाय. मधी कुनीतरी सांडलंय."

मॅडम हसल्या नाहीत. वही घेऊन पुढं आल्या. "काका, हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही हलगी वाजवता का?"

साधा प्रश्न होता. त्यात टोमणा नव्हता, किळस नव्हती, काही नव्हतं. पण मिलिंदच्या डोळ्यांपुढं लाल माती आली आणि मातीत पडलेला खडू. यल्लाप्पानं उत्तर देण्याआधी पोराकडं बघितलं. परवानगी मागितल्यासारखं बघितलं. बापानं!

"मॅडम," मिलिंद म्हणाला, "त्यांचं धरू नका. बाबा कोयनेला बोगद्यात होते ना, सुरुंगांच्या आवाजानं कान गेलेत त्यांचे. कमी ऐकू येतं. बसवायलाच नको होतं."

यल्लाप्पानं टोपी सारखी केली.

"व्हय बाई," तो म्हणाला. "कान गेल्यात माझं."

नियम साफ होता. ऐकण्यात दोष असलेल्याचा कागद बाद. मिलिंदनं तो स्वप्नालीच्या हातातून घेतला, निळ्या पेनानं वर लिहिलं 'बाद, श्रवणदोष' आणि खाली सही केली. अक्षर सुरेख आलं. नीच काम करताना माणसाचं अक्षर का चांगलं येतं कोण जाणे.

जिना उतरताना मुक्ताबाई नवऱ्याला म्हणाली, "आवं, कवापासनं कमी ऐकू येतंय तुमास्नी?"

"चल गं," यल्लाप्पा म्हणाला. "आजपासनं."

हे मिलिंदनं वरून ऐकलं. डबा त्याच्या हातात होता. आमटी मॅडमनी खाल्ली, स्वप्नालीनं खाल्ली. त्यानं रिकामा डबा धुऊन ठेवला.

सांगलीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटा असताना त्यानं 'हलगी दोन'चा क तुकडा संगणकावर उघडला. आवाजाचं चित्र ताणून ताणून मोठं केलं. मूळ आवाजात सपाट रेघ होती आणि मग एकदम टिपरू पडल्याची भिंत. क मध्ये भिंत होतीच, पण भिंतीच्या अलीकडं, जिथं सगळं सपाट असायला हवं तिथं, बारीक कुसळं उगवली होती. टिपरू पडायच्या बारा मिलिसेकंद आधी.

यात जादू काही नाही. यंत्र आवाजाचे छोटे तुकडे पाडतं आणि एकेक तुकडा दाबतं. दाबताना जो कचरा होतो तो त्या अख्ख्या तुकड्यात पसरतो. ठोका जोरात असला की ठोक्यानंतरचा कचरा त्याखाली झाकून जातो, पण आधीच्या शांततेतला उघडा पडतो. युरोपातले लोक कॅस्टनेट ऐकवतात ते यासाठीच. पट्टीचे ऐकणारे तयार करायला तिकडं लोकांना शिकवतात. यल्लाप्पाला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं पन्नास वर्षं हलगी जाळावर शेकून, कातडं ताठ करून मैदानात नेली होती, तेवढंच.

मिलिंदनं संगणक बंद केला. पुढच्या तीन दिवसांत त्यानं अहवाल लिहून काढला. त्यात त्यानंच ओळ टाईप केली, 'तालवाद्यांसाठी क ही तऱ्हा पुरेशी आहे.' ही ओळ दिल्लीला गेली आणि मान्य झाली, तर पुढची वीस-तीस वर्षं घराघरात हलगी अशीच वाजणार होती, सांडलेली. आणि हे माहीत असणारा इंजिनियर एकच होता.

चौथ्या दिवशी आर्जव बाद कागदांचा गठ्ठा मोजत होता. कोरेगावच्या चाचणीला तो नव्हता, मेढ्याची खोली ठरवायला गेला होता.

"दादा, ह्यो सोळा नंबर कोण हाय?"

"का?"

"बाद केलाय, श्रवणदोष. आन स्वप्नालीनं शेऱ्यात काय लिवलंय बघा. 'हलगी गुंडाची हाय. डाव्या हातातली काडी गुंडाच अशी लोळवतो. पण गुंडा असा सांडत न्हाई.'" आर्जवनं मान वर केली. "आपल्या रेकॉर्डिंगात वाजवनारा गुंडाच हाय, पन त्येचं नाव मी एकालाबी सांगितलेलं न्हाई. भैरा मानूस वाजवनाऱ्याचा हात कसा काय वळखतो?"

मिलिंदनं चहाचा कप खाली ठेवला.

"मी गुंडाला फोन लावला," आर्जव म्हणाला. "तो म्हनला, कोरेगावाकडं माझा हात वळखनारा एकच गडी हाय, यल्लाप्पा वस्ताद. त्यानंच मला शिकवलं. म्हनला, तुमी माझं कशाला रेकॉर्डिंग केलं, त्येचं करायचं. आता ह्या वस्तादाला कोणत्या येड्यानं भैरा..." आणि त्याची नजर कागदाखालच्या सहीवर गेली.

"माझे वडील आहेत ते," मिलिंद म्हणाला.

आर्जवनं कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "ऐकू येतं त्यास्नी?"

"माझ्यापेक्षा चांगलं."

"मग?"

मिलिंदनं तो कागद पालथा घातला.

"अहवाल सोमवारी जातोय," आर्जव म्हणाला. "मॅडमला तुमी सांगता का मी सांगू? तुमी सांगितलेलं बरं दिसंल, दादा."

रविवारी मिलिंद गावी गेला. त्यानं मनात सगळं जुळवलं होतं. आबांना, घरी तो बापाला आबा म्हणायचा, सांगलीला न्यायचं, परत बसवायचं, नवीन कागद भरायचा, जुना आपोआप मागं पडेल. कुणाला काही सांगावं लागणार नाही. चुकीतून बाहेर पडायलासुद्धा त्याला मागचंच दार हवं होतं.

यल्लाप्पा अंगणात बाजेवर बसला होता. भिंतीला हलगी टांगलेली. मिलिंद आला की ती आत कपाटावर जायची, असा घरचा न बोललेला रिवाज होता. या वेळी ती आत गेली नव्हती.

"आबा, सांगलीला चला. परत एकदा ऐकायचंय. मॅडमना तुमचं मत पाहिजे."

यल्लाप्पा बोलला नाही. मिलिंदनं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. मग त्याला स्वतःच्याच चढलेल्या आवाजाची लाज वाटली.

"कशापाय?" यल्लाप्पा शेवटी म्हणाला. "भैऱ्याला कोन इचारतंय?"

"आबा, चुकलं माझं."

"तुज्या शाळंपासनं मला ठावं हाय, तू मला कोयनंला धाडलंयस ते. तुज्या सासऱ्यानं मला लग्नात इचारलं, बोगदा किती लांब हाय वो? म्या सांगितलं, लय लांब हाय. बोललो का कवा तुला?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मिलिंदला बरं वाटलं असतं. "ती नोट म्या त्वांडानं उचलली, कारन हात सोडला तर ताल तुटतो. पैलवान मधी अडकला असतो. नोटेसाठी न्हवं उचलली. तुला पोरांचं हसू दिसलं, माझा हात दिसला न्हाई."

"चला ना आबा. तुमचंच खरं आहे. मी बघितलंय संगणकावर."

"मग तू सांग की. म्या चार मानसांत भैरा झालो ते तुझी लाज राखाय. आता त्याच चार मानसांत मला ऐकू येतंय म्हनून सांगू? मला दोन जिभा न्हाईत. ज्येनं लिवलं त्येनं खोडावं."

मुक्ताबाईनं चहा आणून ठेवला. कुणी प्यालं नाही.

सोमवारी सकाळी मिलिंद मॅडमच्या टेबलापुढं उभा राहिला. आर्जव कोपऱ्यात वायरी गुंडाळत होता, एकच वायर तिसऱ्यांदा गुंडाळत होता. मिलिंदनं सोळा नंबरचा कागद मागितला. 'बाद, श्रवणदोष' यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. सही केली. तारीख घातली. मग 'कारण' असं लिहून थांबला.

त्यानं लिहिलं, 'नजरचुकीने.'

ते त्यानं वाचलं. त्या मुलीला कोरेगावात आपण काय सांगितलं होतं ते आठवलं. 'नजरचुकीने' यावरही त्यानं एक रेघ मारली, शेजारी पुन्हा सही केली. आणि पुढं लिहिलं, 'ऐकणारे माझे वडील आहेत. ते हलगी वाजवतात हे कळू नये म्हणून मी खोटं लिहिलं. मला त्यांची लाज वाटली.'

अक्षर वाईट आलं.

मॅडमनी कागद वाचला. दोनदा वाचला. "हे जसंच्या तसं दिल्लीला जाईल. जोडपत्रात. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि तुमच्यावर चौकशी बसेल. मी अडवणार नाही."

"अडवू नका."

त्यांनी अहवालाचं ते पान काढलं आणि 'पुरेशी आहे' या शब्दांवर रेघ ओढली. "क तूर्त थांबवते. हलगीची चाचणी परत घेऊ, वाजवणारे लोक बोलावून. तुमचे वडील येतील?"

"विचारतो," मिलिंद म्हणाला. बाहेर व्हरांड्यात जाऊन त्यानं घरी फोन लावला. आईनं उचलला.

"आई, आबांना सांग. खोडलं म्हणावं मी. सगळ्यांच्या देखत. जे खरं होतं ते लिहिलं. परत चाचणी आहे, गुंडालाही बोलावतायत. आबांना यायला सांग."

मुक्ताबाईनं फोन कानापासून लांब धरून अंगणाकडं हाक दिली. "आवं, मिलिंदा म्हनतोय, खोडलं म्हनून. सांगलीला बोलावलंय तुमास्नी."

मिलिंदनं फोन कानावर इतका दाबला की कान दुखला. अंगणातून बाजेची करकर आली आणि तिच्यामागून बापाचा आवाज, लांबचा, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

"त्याला सांग, मला ऐकू आलं न्हाई."

आई फोनवर परत आली. "अरं," ती म्हणाली, "त्यास्नी..."

"राहू दे आई," मिलिंद म्हणाला. "ऐकलं मी."